पन्नास रुपयांचा दंड : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार वकीलसाहेब,

प्राण्यांच्या छळाला होणाऱ्या तुटपुंज्या शिक्षेवरच्या माझ्या पोस्टवरची तुमची कमेंट नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की तालुका कोर्टात माणसांच्या जमिनीच्या, पोटगीच्या केसेस वर्षानुवर्षं पडून आहेत, तिथे कुत्र्यामांजरांसाठी कोर्टाला नावं ठेवणं हा शहरी लोकांचा रिकामा उद्योग आहे, आणि कायदा कडक झाला तर उद्या बैलाला चाबूक लावला म्हणून शेतकरी आत जाईल. एका ओळीत भागणार नाही म्हणून सविस्तर लिहितेय.

तारखांचं तुम्ही म्हणता ते खरंच आहे. पण प्राण्यांच्या केसेस कोर्टाचा वेळ खातात हे मला पटत नाही, कारण त्यातल्या बऱ्याचशा तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत. आमच्या मागच्या गल्लीत एकाने स्वतःचा कुत्रा गच्चीवर बांधून ठेवलेला, पट्ट्याच्या जागी सेंट्रिंगची तार, पिल्लू असताना गुंडाळलेली, मान वाढली तरी तशीच, शेवटी तार कातडीच्या आत गेली आणि वरून मांस चढलं. डॉक्टरांनी भूल देऊन कटरने ती तोडून काढली तेव्हा खाली गळ्याभोवती नुसते किडे वळवळत होते. तक्रार द्यायला गेलो तर एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून हातात दिली. ठाणे अंमलदार चांगले बोलले, म्हणाले, "ताई, अदखलपात्र आहे, मॅजिस्ट्रेटच्या ऑर्डरशिवाय मला तपास करता येत नाही." नव्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ (जनावराला ठार मारणं, जायबंदी करणं) लावा म्हटलं तर म्हणाले जनावर मेलेलं नाही, अधू झालेलं नाही, कसं लावू?

आणि समजा केस उभी राहिली असती, तरी काय होणार होतं? प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याला बंदी घालणाऱ्या १९६० च्या कायद्याचं कलम ११ तुम्हाला मी सांगायला नको. मारणं, उपाशी ठेवणं, आखूड साखळीने जखडून ठेवणं, पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड. तीन वर्षांच्या आत परत केलं तर २५ ते १०० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. साठ सालात ५० रुपये खिशाला लागत असतील, आज गुन्हा कबूल करायचा, नोट ठेवायची आणि जेवायला घरी. वर कलम ३६ म्हणतं की घटनेपासून तीन महिन्यांत खटला दाखल झाला पाहिजे, म्हणजे एनसी घ्या, मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करा, सरकारी दवाखान्याचा दाखला मिळवा, यातच मुदत संपते आणि समोरचा न बोलता सुटतो. मला संताप येतो तो याचा!

१ जुलै २०२४ पासून न्याय संहिता लागू झाली तेव्हा एक गोष्ट बरी झाली हे मान्य. जुन्या आयपीसीत (भारतीय दंड संहितेत) कलम ४२८ आणि ४२९ ला जनावराची किंमत १० रुपये की ५० रुपये हे बघायचे, त्या दोन्हींच्या जागी कलम ३२५ आलं, आता किंमत न बघता पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण ती ठार मारलं, विष घातलं, जायबंदी केलं तर. गळ्यात तार रुतवून जिवंत ठेवलं तर परत तेच पन्नास रुपये.

शेतकऱ्याचं म्हणाल तर वेसण घालणं, खच्चीकरण, डाग देणं, शिंगं काढणं हे ठरलेल्या पद्धतीने केलं तर गुन्हा नाही, १९६० च्याच कायद्यात लिहिलंय, आणि ते काढा असं मी कुठेच म्हटलेलं नाही. उलट जास्त ओझं लादणं, जखमी जनावर कामाला जुंपणं हे त्याच कलम ११ मध्ये गुन्हा म्हणून येतं. ऊसाच्या हंगामात खांदेसूज आलेला बैल चढाला गुडघे टेकतो ते तुम्हीही बघितलं असेल. त्याला शहरी म्हणायचं का? आणि तिथे नुसता गाडीवान धरू नये, एवढं ओझं भरायला लावणाराही धरावा असं माझं मत आहे.

कोर्टालाच सगळा दोष देत नाही मी. २०१४ मध्ये नागराज खटल्याच्या (जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यतींच्या) निकालात सुप्रीम कोर्टानेच संसदेला म्हटलं होतं की ही शिक्षा तुटपुंजी आहे, कायदा सुधारा. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीचा मसुदा हरकतींसाठी ठेवला, त्याचा कायदा काही झाला नाही. माणसांना न्याय उशिरा मिळतो हे मला तुमच्याइतकंच टोचतं, पण म्हणून मुक्या जनावराला अजिबातच देऊ नये हे कसं काय?

आता तुम्ही रोज कोर्टात उभे राहता म्हणून एक विनंती. एनसी झाल्यावर तीन महिन्यांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे अर्ज कसा करायचा, सोबत काय काय जोडायचं, हे साध्या मराठीत लिहून पाठवाल का? मला हे विचारणारे मेसेज सारखे येतात आणि मी वकील नाही. तुमच्या नावाने, जसंच्या तसं टाकेन.