10 सेकंदांच्या पट्टीवर किती विसंबायचं?

ईसीजीबद्दलचा तुमचा लेख चांगला आहे, पण ‘ईसीजी नॉर्मल आला की काळजी मिटली’ हे त्यातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. साधा ईसीजी म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची जेमतेम 10 सेकंदांची नोंद. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ताल बिघडून ठोके अनियमित पडणं, अनेकांना येऊन-जाऊन होतं. पट्टी काढताना ठोके सरळ पडत असतील, तर कागदावर काहीच दिसणार नाही. धडधड वारंवार होत असेल तर होल्टर (अंगावर लावून दिवसभर ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र) लावायचं का, हे डॉक्टरांना विचाराच.

पट्टी हातात आली की मी आधी उंच टोकं बघते, म्हणजे आर लाटा. कोऱ्या कागदाची कड त्यांच्याखाली धरायची, लागोपाठच्या चार टोकांपाशी पेन्सिलीने खुणा करायच्या आणि कागद पुढे सरकवायचा. ताल नियमित असेल तर खुणा पुढच्या टोकांखाली बरोबर बसतात. फिब्रिलेशनमध्ये त्या जुळता जुळत नाहीत, आणि टोकाआधीची छोटी गोलसर पी लाट गायब असते. तिथे नुसती थरथरती रेषा.

या आजारात हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होऊ शकते. ती मेंदूत गेली की पक्षाघात! हा धोका जवळपास पाचपट वाढतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी तो बराच कमी होतो, पण आधी निदान तर व्हायला हवं. घरातल्या साठी ओलांडलेल्या माणसांची नाडी अधूनमधून पूर्ण मिनिटभर बघत जा. ठोके वेडेवाकडे लागले तर लगेच ईसीजी काढून घ्या, दोन दिवसांनी नको.