बरोबर! 19 डिसेंबर 1961

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गोव्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या मूळ घरी पस्तीस-चाळीस माणसं जमतात. घुमट हे मातीचं वाद्य वाजवून आरत्या झाल्या, नेवऱ्यांचा (करंज्यांचा) डबा निम्म्यावर आला की दुपारी पत्ते, आणि मग पत्त्यांवरून भांडण. गेल्या वर्षी मी म्हटलं, भांडायचंच तर ज्ञानावरून भांडू, पुढच्या चवथीला पॉवरपॉइंटमध्ये प्रश्नमंजुषा करतो. हे मी भर पंगतीत बोललो. पानात वाढलेलं आणि पंगतीत बोललेलं परत घेता येत नाही.

तसा मी ऑफिसात पॉवरपॉइंट रोज वापरतो. म्हणजे साहेबांच्या स्लाइडवरची तारीख बदलतो.

बेत सोपा होता. पहिल्या स्लाइडवर पाच बाय पाचचा तक्ता. चौकोन दाबला की प्रश्न आणि चार पर्याय. बरोबर पर्यायावर टाळ्या, चुकीच्यावर ‘चूक! परत प्रयत्न करा’ आणि प्रश्नाकडे परत नेणारं बटण. आता एका प्रश्नाला चुकीचे पर्याय तीन, प्रश्न पंचवीस. मी खरोखर पंचाहत्तर ‘चूक!’ स्लाइड्स बनवल्या. तीन रात्री. बायको मागून डोकावून म्हणाली, “आयुष्यभराच्या एकदम लिहून काढताय का?”

नववीतल्या पुतण्याने ते पाहिलं आणि डॉक्टरसारखा गप्प झाला. मग म्हणाला, “काका, ‘लास्ट स्लाइड व्ह्यूड’ लाव की. ‘चूक’ची एकच स्लाइड पुरते. जिथून आलास तिथेच परत नेते.” एकशे सव्वीस स्लाइड्सच्या बावन्न झाल्या. चौऱ्याहत्तर चुका पुसताना बोटाला घट्टा पडला.

मग कळेना, कुठला प्रश्न खेळून झालाय. तर पुतण्या म्हणे लिंक चौकोनाला नको, आतल्या अक्षरांना द्यायची. दाबलेल्या अक्षरांचा रंग आपोआप बदलतो. पंचवीस लिंका काढल्या, पंचवीस लावल्या. आता क्लिक नेमकं अक्षरावर बसायला हवं. जरा बाजूला पडलं की पुढची स्लाइड, आणि प्रश्नाच्या पुढची स्लाइड म्हणजे उत्तर! त्यासाठी क्लिकवर पुढे नेणारी ‘ऑन माउस क्लिक’ची खूण सगळ्या स्लाइड्सवरून काढली. तरी स्पेसबार होताच, आणि आमच्या घरातली पोरं स्पेसबार दिसला की दाबतात. शेवटी किऑस्क मोड लावला. त्यात फक्त लिंका आणि बटणं चालतात, एस्केप सोडून बाकी कोणी काही ठोको.

खरा घात पहिल्या प्रश्नाने केला. गोवा मुक्त केव्हा झाला? ती स्लाइड झकास जमली, म्हणून तीच चोवीस वेळा डुप्लिकेट करून फक्त अक्षरं बदलली. डुप्लिकेट स्लाइडवर लिंका मात्र मूळच्याच राहतात. चाचणीत विचारलं, गोव्याचा राज्यप्राणी कोणता? गवा दाबलं. टाळ्या. ‘बरोबर! 19 डिसेंबर 1961.’ गोवा घटक राज्य कधी झालं? 30 मे 1987 दाबलं. ‘बरोबर! 19 डिसेंबर 1961.’ रात्री दोनपर्यंत बसून चोवीस लिंका दुरुस्त केल्या.

चोवीस नव्हे, तेवीस. हे चवथीच्या दिवशी कळलं.

टीव्हीला लॅपटॉप जोडला, वसरी (ओसरी) भरली, दोन गट पडले. चौथ्याच प्रश्नाला फोटो आला: माटोळीतलं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधतात त्या फळापानांच्या चौकटीतलं, हे फळ कोणतं? मोठ्या काकीने ऐंशी ओलांडली आहे, आणि तिला विचारल्याशिवाय आमच्याकडे माटोळीला सुपारीचा घडसुद्धा बांधत नाहीत. तिने चष्मासुद्धा लावला नाही. “कवंडळ,” म्हणाली. पुतण्याने दाबलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

‘बरोबर! 19 डिसेंबर 1961.’

वसरी शांत. काकीने आता चष्मा लावला. “कितें रे हें?”

मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, “पण तारीख बरोबर आहे हो. मी सतरा वर्षांची होते. पोर्तुगिजांनी पळताना पूल उडवले होते.” आणि तिने सांगायला सुरुवात केली.

ते संपल्यावर तिच्या गटाने दोन गुण मागितले, एक फळाचा, एक तारखेचा. विरुद्ध गट म्हणाला, यंत्राने दिलेलं उत्तर कवंडळ नाही, सबब शून्य. धाकटा काका म्हणाला, प्रश्नच रद्द करा. काकी म्हणाली, प्रश्न रद्द केलात तर रात्रीच्या खिरीचंही बघावं लागेल. एकवीस प्रश्न शिल्लक होते. कोणीतरी पत्ते काढले.