अ‍ॅलर्जीच्या पोराला ‘प्रतिकारशक्तीची पावडर’ नको, रोजचा पंप हवा

ऊस तुटला, फडात पाचट पेटलं, की सातारा-सांगलीकडं घराघरांत पोरं खोकायला लागतात. त्यातच हा मेसेज फिरतोय: ‘अ‍ॅलर्जी म्हणजे प्रतिकारशक्ती कमी. म्हणून मूल सारखं आजारी पडतं. पंपानं (दम्याच्या इन्हेलरनं) ती आणखी खचते. शेंबूड पिवळा झाला की अँटिबायोटिक द्या, लसी टाळा आणि ही पावडर सुरू करा.’

पहिलंच वाक्य चूक आहे. अ‍ॅलर्जीत प्रतिकारशक्ती कमी नसते, ती भलत्यावर धावून जाते. अंथरुणातले डोळ्यांना न दिसणारे किडे, गाजर गवताचे परागकण, पुराचं पाणी शिरलेल्या घराच्या ओल्या भिंतीवरची बुरशी, यांच्याविरुद्ध ती आयजीई नावाची प्रतिद्रव्यं गरज नसताना बनवत राहते. मग पावडरीनं वाढवायचं तरी काय?

‘म्हणून सारखं आजारी पडतं’ यात थोडं तथ्य आहे, पण कारण वेगळं. शाळेत जायच्या आधीच्या वयात धडधाकट मुलालाही वर्षाला 6 ते 8 वेळा सर्दी होते, खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. अ‍ॅलर्जीच्या मुलात भर पडते ती सुजेची. सुजलेल्या नाकाच्या अस्तरावर आयकॅम-1 नावाचं प्रथिन वाढतं आणि सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरसचे बहुतेक प्रकार पेशीत शिरताना त्यालाच धरतात. नाकापासून कानाकडं जाणारी नळी सुजून बंद झाली, की कानाच्या पडद्यामागं पाणी साचतं. मग पोर ‘ऐकतच नाही’ म्हणून उगाच बोलणी खातं.

इसबाच्या मुलांत तर संसर्गाची वाट उघड्या डोळ्यांना दिसते. कोपराच्या आणि गुडघ्याच्या खोबणीतली कातडी कोरडी पडून भेगाळते, पोर रात्री खाजवतं, नखांखालचा स्टॅफिलोकोकस नावाचा जिवाणू आत शिरतो आणि मधासारखी पिवळी खपली धरते. त्यावर हळद-बेसन चोळणं म्हणजे उरलीसुरली कातडीही खरवडणं. अंघोळ कोमट पाण्यानं, 5 ते 10 मिनिटं, मग टिपून घेऊन अंग ओलसर असतानाच साधं व्हॅसलीन किंवा बिनवासाचं मलम. चिमूटभर नव्हे: सगळ्या अंगाला लागत असेल तर लहान मुलाला आठवड्याला 250 ग्रॅम सहज संपतं. ओठावर तापाचे फोड आलेल्या मोठ्यांनी अशा बाळाचे पापे घेऊ नयेत. त्या फोडांतला विषाणू इसबात शिरला तर एकसारखे फोड उठतात, फुटून गोल खड्डे पडतात, ताप चढतो. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

‘पंपानं प्रतिकारशक्ती खचते.’ सर्वांत जास्त नुकसान या वाक्यानं होतं. बालदम्याच्या रोजच्या पंपातून साधारण 200 मायक्रोग्रॅम स्टेरॉइड जातं. अटॅक आल्यावर 15 किलोच्या मुलाला तोंडावाटे दिवसाला किमान 15 मिलिग्रॅम लागतं, म्हणजे 75 पट. प्रतिकारशक्तीची काळजी असेल तर वारंवार लागणाऱ्या या तोंडावाटेच्या कोर्सची करा. तो चालू असताना कांजिण्या झाल्या तर जिवावर बेतू शकतं. पंप असतो तो कोर्स टळावा म्हणून. होतं काय, की घरघर थांबली म्हणून घरचे पंप बंद करतात, श्वासनलिकांची सूज तशीच राहते आणि पुढची साधी सर्दी थेट छातीत उतरते.

पंप घ्यायची पद्धतही चुकते. पंप हलवून स्पेसरला (पंपाला जोडायच्या पोकळ नळीला) लावा, मास्क नाकातोंडावर घट्ट धरा, एकच दाब द्या, 5-6 श्वास घेऊ द्या. दुसरा दाब अर्ध्या मिनिटानं, पंप पुन्हा हलवून. दोन दाब एकदम मारले की औषध नळीलाच चिकटतं. नंतर चूळ भरायला लावा, नाहीतर जिभेवर पांढरी बुरशी येते. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच निथळू द्या. फडक्यानं पुसला तर आत औषध धरून ठेवतो.

पिवळा शेंबूड? तो रंग पांढऱ्या पेशींचा असतो, साध्या विषाणूच्या सर्दीतही येतो. सर्दी 10 दिवसांत जराही हटली नाही, किंवा उतरून पुन्हा तापासह उलटली, तर सायनसचा विचार करायचा.

लसींचं तर अगदी उलट. दम्याच्या मुलाला न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जिवाणूचा गंभीर संसर्ग व्हायचा धोका जास्त असतो. ती लस सरकारी दवाखान्यात फुकट आहे: 6 आठवडे, 14 आठवडे, 9 महिने. फ्लूची विकत घ्यावी लागते, 6 महिन्यांपुढं दरवर्षी, शक्यतो पावसाळ्याआधी. अंड्याची अ‍ॅलर्जी त्याआड येत नाही.

प्रतिकारशक्ती खरोखर कमी असलेली मुलं असतात, पण ती थोडी. वर्षात दोनदा न्यूमोनिया, चार किंवा जास्त वेळा कानाचा संसर्ग, खोलवर पुन्हा पुन्हा गळू, वजन न वाढणं, यांपैकी काही दिसलं तर तपासणी मागून घ्या. खोकला दोन आठवड्यांपुढं गेला आणि वजनही घटतंय, तर टीबीची तपासणी करा. आणि धाप लागलेली वाटली तर पोर शांत असताना पोटावरचा सदरा वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. वर्ष ते पाच वर्षांच्या मुलात 40 किंवा जास्त, त्याहून लहान बाळात 50 किंवा जास्त (दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला 60), किंवा श्वासागणिक बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर सकाळची वाट न बघता निघा.