पुनर्जन्माचा वार रविवार

आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर दोन संसार, म्हणजे दोन ऑपरेटिंग सिस्टिम, नांदतात. लिनक्स माझा. विंडोज सार्वजनिक, म्हणजे धर्मशाळाच. सासरेबुवा 'फ्री' लिहिलेलं काहीही उतरवून घेतात, चिरंजीव गेमबरोबर गेमचे सगेसोयरेही घेऊन येतात, आणि बायकोने आजवर फक्त प्रिंट काढलेली असते. परिणामी विंडोज सुरू होईपर्यंत घरात एक भांडण सुरू होऊन मिटतं.

माणसं सुधारणं माझ्या हातात नव्हतं, पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा विंडोजचा कप्पा, होतं. स्वच्छ विंडोजची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, एनटीएफएसक्लोन या प्रोग्रामने काढून लिनक्सकडे ठेवायची आणि दर रविवारी पहाटे ३ वाजता विंडोजवर ओतायची. ठरल्या वेळी काम उरकणाऱ्या क्रॉनची ओळ केवढीशी: ० ३ * * ०. मिनिट, तास, तारीख, महिना, वार; चांदणी म्हणजे 'कोणताही', शेवटचं ० म्हणजे रविवार. संपलं!

पण क्रॉन लिनक्समध्ये राहतो, आणि त्या वेळी लिनक्स जागं असेल तर ना! घरची मंडळी मशीन सोडून जातात ती विंडोजमध्येच. म्हणजे ज्याला पुसायचं त्यालाच विनवायचं, "बाबा रे, रीस्टार्ट हो आणि जाता जाता लिनक्सला हाक मार." तशी सोय आहे म्हणा. विंडोजमधल्या टास्क शेड्युलरने, म्हणजे ठरल्या वेळी टास्क चालवणाऱ्या सोयीने, बीसीडीएडिट हा प्रोग्राम चालवायचा, तो पुढच्या एकाच बूटपुरतं, म्हणजे एकदाच सुरू होताना, लिनक्सला पुढे करतं. सोबत डेटाच्या पार्टिशनवर एक खुणेची फाइल ठेवायची. लिनक्सने उठल्याबरोबर ती खूण बघायची, असेल तरच इमेज ओतायची, खूण पुसायची आणि ग्रब-रीबूट या आज्ञेने परत विंडोजमध्ये जायचं. खूण नसती तर मी मंगळवारी सहज लिनक्स उघडलं असतं आणि सासरेबुवांचा सोमवार इतिहासजमा झाला असता.

खरी गंमत पुढे आहे. हा टास्क राहतो विंडोजमध्ये, आणि विंडोज तर पुसलं जाणार. म्हणून तो मूळ इमेजमध्येच हवा. आमचं विंडोज स्वतःच्या अंत्यविधीची वेळ गोंदवूनच जन्माला येतं. इमेज काढण्याआधी फास्ट स्टार्टअपही बंद करावं लागतं, कारण ते चालू असताना 'शटडाउन' म्हटलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही, नुसतं डोळे मिटून पडतं, आणि अशा झोपेतल्या विंडोजची इमेज धड निघत नाही.

आता सगळं आपोआप होतं. फक्त जन्मलेल्या विंडोजला मधला काळ ठाऊक नसतो, त्यामुळे दर रविवारी ते तेच अपडेट नव्या उत्साहाने उतरवत बसतं. त्यावर उपाय म्हणजे महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी नवे अपडेट आले की ताजी इमेज काढणं. ती मात्र आपोआप निघत नाही, ती मी काढतो.

सासरेबुवांचा आक्षेप वेगळा. "जावईबापू, माझी फाइल डेस्कटॉपवरच होती हो!" डॉक्युमेंट्सचं फोल्डर मी डेटाच्या पार्टिशनवर हलवून दिलंय, पण त्यांचा विश्वास डोळ्यांसमोर दिसेल त्यावरच.

या योजनेचा एकमेव निस्सीम समर्थक चिरंजीव. शनिवारी रात्री तो स्वतःहून प्लग तपासतो, "बाबा, आज मशीन बंद करू नका हं." मला भरून यायचं. परवा कळलं की त्याच्या आईने गेमची वेळ बांधणारं सॉफ्टवेअर विंडोजवर टाकलंय. इमेज काढल्यानंतर. ती दर सोमवारी ते पुन्हा टाकते आणि तक्रार माझ्याकडे करते, "अहो, हे टिकतच कसं नाही?"