नुसतं बॅरल बदलायचं होतं

रूगर १०/२२ ही पॉइंट टू-टू रायफल १९६४ साली अमेरिकेच्या बाजारात आली आणि तेव्हापासून ती एकाही मालकाला पुरी झाल्यासारखी वाटलेली नाही. तिच्यात बिघाड असा काही नसतो. दहा गोळ्यांचं फिरकी मॅगझीन, साधा ब्लोबॅक बोल्ट (गोळी उडाल्याच्या धक्क्यानेच मागे जाणारा पोलादी ठोकळा), पाच पौंडांच्या आसपास वजन. खोक्यातून काढा, गोळ्या भरा, रेंजवर जाऊन डबे पाडा. पण बिघडलेली वस्तू माणूस दुरुस्त करतो आणि गप्प बसतो. चांगली चालणारी वस्तू सुधारायला बसला की तो उठत नाही.

दोष सगळा दोन स्क्रूंचा आहे. बहुतेक रायफलींत बॅरल रिसीव्हरमध्ये, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या मधल्या पेटीत, आट्यांनी पिळून बसवलेलं असतं. ते काढायचं म्हणजे शिकंजा, मोठा पाना आणि गनस्मिथची मिनतवारी. १०/२२ मध्ये बॅरल नुसतं सरकून आत बसतं आणि खालून व्ही आकाराचा एक ठोकळा दोन स्क्रूंनी त्याला धरून ठेवतो. हातात ५/३२ इंचाची ॲलन की असली की गनस्मिथची गरज संपली; आणि गनस्मिथची गरज संपली की आपल्याला अडवणारंही कुणी उरत नाही.

म्हणून पहिला मोह बॅरलचा. कॅटलॉगमध्ये ०.९२० इंच जाडीचं बुल बॅरल दिसतं: सरळसोट, जाडजूड, काळंभोर. लांबी निवडताना मी कुणालाही १६ ते १८ इंच यातच राहायला सांगतो. या काडतुसातली दारू तेवढ्यात आपलं बहुतेक काम करून मोकळी होते. पुढचे इंच वजनापुरते. आणि १६ च्या खाली तर जायचंच नाही, कारण तिथे अमेरिकी संघीय कायदा सुरू होतो आणि छंद संपतो.

लांबी ठरली की चेंबर, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा. इथे तीन पंथ आहेत. स्पोर्टिंग चेंबर ऐसपैस असतं. काहीही घाला, चालतं, नेम मात्र बेताचा. मॅच चेंबर इतकं चिंचोळं की गोळीचं नाक आधीच बॅरलच्या आतल्या पीळदार खाचांत रुततं. नेम सुरेख, पण न उडालेलं काडतूस बाहेर ओढायला गेलात तर कधी पुंगळी (काडतुसाचं धातूचं कवच) हातात येते, गोळी बॅरलमध्येच राहते आणि दारू ट्रिगरच्या यंत्रणेत सांडते. या दोघांच्या मधलं ते बेन्झ चेंबर. अर्धस्वयंचलित रायफलीसाठी मी डोळे मिटून बेन्झ घेईन. फक्त सीसीआय स्टिंगर या जातीची काडतुसं त्यात किंवा मॅच चेंबरमध्ये घालायची नाहीत. तिची पुंगळी या रायफलीच्या नेहमीच्या काडतुसाच्या, म्हणजे लाँग रायफलच्या, पुंगळीपेक्षा लांब असते आणि तंग चेंबरात तिचं तोंड नको तिथे अडतं. हे बॅरल बनवणारे कागदावर छापून देतात. तो कागद खोक्याच्या तळाशी असतो आणि तिथपर्यंत कुणी पोचत नाही.

बॅरल आलं. हेडस्पेसची, म्हणजे काडतुसाच्या बुडासाठी बोल्टसमोर सोडलेल्या जागेची, काळजी करू नका. या रायफलीत ती बोल्टच्या तोंडावरच्या खाचेच्या खोलीवर ठरते, बॅरलवर नाही. जुनं बॅरल काढायला आधी रायफल स्टॉकमधून (खांद्याला लावायच्या दस्त्यातून) बाहेर काढावी लागते आणि इथे पहिला अपमान होतो. स्टॉकचा एकुलता एक स्क्रू सुटतो, बॅरलभोवतीचा पुढचा पट्टा सुटतो, पण रिसीव्हर काही वर येत नाही. माणूस ओढतो, हलवतो, रबरी हातोडी शोधतो. कारण असं की सेफ्टीचं बटण आडवं आरपार असतं आणि ते कुठल्याही एका बाजूला दाबलेलं असलं की लाकडात अडकतं. ते बरोब्बर मध्ये आणायचं. पण हॅमर (ट्रिगर ओढल्यावर पडणारा आतला घोडा) पडलेला असेल तर ते हलतच नाही. म्हणजे मॅगझीन काढा, चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने दोन्ही पाहा, बोल्ट मागे ओढून हॅमर चढवा, मग सेफ्टी अर्ध्यावर आणा आणि मग उचला. उचलताना ट्रिगरच्या डब्याला धरून ठेवणाऱ्या दोन आडव्या पिना आपोआप निसटून खाली पडतात. त्यांना कुणीच धरून ठेवलेलं नसतं. इतके दिवस त्या स्टॉकच्या धाकाने आत होत्या.

नवं बॅरल बसलं, व्ही ठोकळ्याचे स्क्रू थोडे इकडे थोडे तिकडे असे आलटूनपालटून आवळले. आता स्टॉकमध्ये ठेवायचं, तर ते मावत नाही. कारखान्याच्या स्टॉकची पन्हळ निमुळत्या बॅरलच्या मापाची असते. इथे दोन रस्ते. एक, दांड्याला पॉलिशपेपर गुंडाळून पन्हळ घासत बसणे आणि घरभर लाकडाचा भुसा करणे. दुसरा, ०.९२० चा नवा स्टॉक. घासणाऱ्यांपैकी बरेच जण अर्ध्यावर दुसऱ्या रस्त्याला लागतात, म्हणून मी पहिल्या रस्त्याची शिफारस करत नाही. लॅमिनेटचा स्टॉक दिसायला देखणा आणि वजनाने प्रामाणिक. प्लास्टिकचा हलका आणि पावसापाण्याला बेफिकीर. काही राज्यांत अर्धस्वयंचलित रायफलीला अंगठ्याचं भोक असलेला स्टॉक चालत नाही. तेव्हा रंग निवडण्याआधी आपल्या राज्याचा नियम वाचावा. हा क्रम सहसा उलटा असतो.

पोलादी बुल बॅरल १८ इंचांचं असेल तर ते एकटंच तीन पौंडांच्या पुढे जातं. हे सगळं वजन ॲल्युमिनियमच्या रिसीव्हरच्या तोंडाला लटकतं आणि रिसीव्हर स्टॉकला फक्त एका स्क्रूने धरलेला. खांब नसलेली गॅलरी. कॅटलॉग सांगतो की बॅरल स्टॉकला कुठेच न टेकता तरंगतं हवं. मग माणूस डॉलरची नोट बॅरल आणि स्टॉकच्या मधून सरकवून पाहतो. नोट सरसर थेट रिसीव्हरपर्यंत गेली की कृतार्थ होतो. जाड बॅरलसाठी मला हे पटत नाही. रिसीव्हरपुढचा पहिला इंच-दोन इंच भाग टेकलेला ठेवावा, पुढचं तरंगू द्यावं. नाहीतर ठोकळ्याची पकड जराशी सैल झाली की बॅरल मान खाली घालतं आणि नेमाचा ठिपका रेंजवर भटकायला लागतो. हलकं कार्बन किंवा ॲल्युमिनियमच्या वेष्टनातलं बॅरल घेतलं तर ही कटकट कमी होते आणि खिशाची वाढते.

स्टॉकचा स्क्रू किती आवळायचा यावर भांडणं होतात. टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना) घ्या, १५ इंच-पौंडांपासून सुरुवात करा, थोडं थोडं वाढवत प्रत्येक वेळी लक्ष्यावर पाच-पाच गोळ्यांचे गट, म्हणजे भोकांचे पुंजके, पाडा आणि जिथे गट सगळ्यात लहान येतो तिथे थांबा. अंदाजाने पिळणाऱ्याचा अंदाज दर वेळी वेगळा असतो, हे त्याला स्वतःलाही माहीत असतं.

एवढ्यात लक्षात येतं की नव्या बॅरलवर नेम धरायची समोरची माशीच नाही. बुल बॅरलवर ती बहुधा नसते. म्हणजे स्कोप आला, स्कोपसाठी रेल आली, रेलवर रिंगा आल्या, रिंगांनी स्कोप उंच गेला, मग गाल टेकेना, म्हणून गालपट्टी वरखाली होणारा स्टॉक हवा होता असं कळलं. स्टॉक तर नुकताच घेतलाय.

स्कोप घेताना एकच गोष्ट पाहिली तरी निम्मं दुःख टळतं: पॅरॅलॅक्स. मोठ्या रायफलींचे साधे स्कोप १०० यार्डांना जुळवलेले असतात, रिमफायरचे, म्हणजे पॉइंट टू-टूसारख्या काठावर पेटणाऱ्या काडतुसांच्या रायफलींचे, साधारण ५० ला. १०० यार्डवाला स्कोप ५० वर वापरला तर डोळा जरा हलला की फुलीचा नेमही हलतो आणि माणूस आपल्या श्वासाला दोष देत बसतो. वीस एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) उतार असलेली रेलही विचार करून घ्यावी. ५० यार्डांना शून्य केलेली (त्या अंतरावर नेम जुळवलेली) सबसॉनिक, म्हणजे ध्वनीपेक्षा सावकाश जाणारी, गोळी १०० यार्डांवर सहा-सात इंच खाली जाते. त्याहून लांब मारायचं असेल तर रेलचा उतार उपयोगी. पण स्कोपमध्ये वरखालीचा एकूण पल्लाच ४० एमओएचा असेल, तर मधोमध असलेल्या फुलीला खाली जायला वीसच उरतात. ते सगळे रेल खाते आणि ५० यार्डांना शून्य करताना बुरूज (स्कोपची नेम जुळवायची गुंडी) तळाला टेकतो.

आता ट्रिगर. कारखान्याचा ट्रिगर सहा पौंडांच्या आगेमागे जोर लावला की सुटतो. सुटतो म्हणण्यापेक्षा राजी होतो. इथे खर्च करायला माझी ना नाही. रूगरचाच बीएक्स ट्रिगर अडीच ते तीन पौंडांचा आहे, अख्खा डबा काढून अख्खा डबा बसवायचा. महागातले डबे मूळ रायफलीच्या किमतीला भिडतात. तिसरा मार्ग काटकसरीचा: फक्त हॅमर बदलणे. वजन जवळपास तेवढंच उतरतं, पैसे थोडे लागतात, आणि उरलेली किंमत जमिनीवर गुडघे टेकून वसूल होते. डब्यात दाबून बसवलेल्या इवल्याशा स्प्रिंगा असतात. पिना काढताना डबा मोठ्या पारदर्शक पिशवीत घालून, हात पिशवीत ठेवून काम करा. स्प्रिंग उडते तेव्हा ती कुठल्या दिशेने गेली हे फक्त तिलाच माहीत असतं.

नवा ट्रिगर बसवल्यावर रिकाम्या रायफलीवर तीन परीक्षा घ्यायच्या. सेफ्टी लावून ट्रिगर ओढा, हॅमर पडता कामा नये. ट्रिगर दाबून धरून बोल्ट मागेपुढे करा, मग ट्रिगर सोडा. पुन्हा पकडल्याची टिचकी ऐकू आली पाहिजे. मग हॅमर चढवून स्टॉकच्या बुडावर तळहाताने दणके द्या; हॅमर पडला तर ते काम अर्धवट आहे. रेंजवर आधी एक गोळी भरा, मग दोन. एका दाबात दोन उडाल्या तर टाळ्या वाजवू नका, रायफल तिथेच बंद करा आणि गनस्मिथकडे न्या. मशीनगनच्या बाबतीत अमेरिकी कायद्याला विनोद कळत नाही.

बाकीचे किरकोळ भाग पटकन सांगून टाकतो, कारण ते पटकन विकत घेतले जातात. मागची पोलादी बोल्ट-स्टॉप पिन काढून पॉलियुरेथेनची घातली की बोल्टचा खणखणाट मऊ होतो. स्वस्त आणि निरुपद्रवी. तीक्ष्ण एक्स्ट्रॅक्टर पुंगळी नीट ओढतो, घ्यावा. मॅगझीन सोडायची लांब पट्टी बोटांना सुखाची. बोल्ट आपोआप सोडणारी पट्टी घ्या. मूळ पट्टी वापरायला तिसरा हात लागतो. जड बोल्ट आणि कडक स्प्रिंग मात्र विचार करून. ब्लोबॅकमध्ये बोल्टचं वजन आणि स्प्रिंग मिळून वेळ साधतात. ती दोन्ही वाढवली की सौम्य काडतुसांना बोल्ट पुरता मागे ढकलता येत नाही आणि पुंगळी दारात अडकून उभी राहते. मॅगझीन बदलायची गरज कधीच नसते. तरी लोक पंचवीस गोळ्यांचं घेतात. काही राज्यांत दहाच्या पुढचं चालत नाही, हे त्यांना नंतर कळतं.

आणि हे सगळं झाल्यावर माणूस कोपऱ्यातल्या दुकानातून पाचशे गोळ्यांचा सगळ्यात स्वस्त डबा आणतो. रिमफायरमध्ये पेटणारं मिश्रण पुंगळीच्या काठात भरलेलं असतं. ते काठभर सारखं पसरलं नाही तर प्रत्येक गोळीचा वेग वेगळा, आणि काही तर उडतच नाहीत. वेग ध्वनीच्या पुढे, म्हणजे सेकंदाला सुमारे ११२५ फुटांच्या वर सुरू झाला तर वाटेत खाली उतरताना गोळी डगमगते. म्हणून नेमबाज १०५० ते १०७० च्या आसपासची काडतुसं शोधतात. सीसीआय स्टँडर्ड, एसके, एली असे सहा-आठ प्रकार प्रत्येकी पन्नास घ्या. प्रकार बदलला की पहिल्या वीसेक गोळ्या मोजू नका, बॅरलमध्ये आधीच्या मेणाचा थर असतो. मग गट पाडा. ज्या बॅरलला एक ब्रँड आवडतो त्याच्या शेजारच्या बॅरलला तो आवडेलच असं नाही, आणि त्याच ब्रँडचा पुढचा लॉटही आवडेल असं नाही. आवडलेला लॉट मिळेल तेवढा उचलून ठेवा.

माझं ऐकाल तर क्रम असा: आधी गोळ्या, मग ट्रिगर, मग बॅरल, लाल रंगाचा चार्जिंग हँडल (बोल्ट मागे ओढायची मूठ) कधीच नाही. नव्वद टक्के लोक सुरुवात हँडलपासून करतात, कारण तो दुसऱ्या दिवशी टपालाने दारात येतो.

शेवटी खोक्यात काय उरतं ते पाहा. कारखान्याचं बॅरल, स्टॉक, अख्खा ट्रिगर डबा, माशी, पट्टा, स्प्रिंगा. सगळं चालू स्थितीत. बोल्ट असलेल्या एका रिसीव्हरची कमी, की दुसरी रायफल तयार. अनुक्रमांक रिसीव्हरवरच असल्यामुळे कायद्याच्या लेखी बंदूक तेवढीच. ती टपालाने घरी येत नाही. परवानाधारक दुकानात जाऊन ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. भरणारे रांगेत असतात, आणि दुकानदाराला ते काय सांगत असतात हे मला पाठ आहे: नुसता रिसीव्हर घ्यायचाय, बाकी सगळं घरात पडलेलंच आहे.