गॅनचा बक अडला की दोष मॉडेलचा? तपासून तरी बघा

पॉवर इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांमध्ये सध्या एक सल्ला जोरात फिरतोय. गॅलियम नायट्राइड (गॅन) ट्रान्झिस्टरचा बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज उतरवणारं सर्किट, एलटीस्पाइस या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये 'टाइम स्टेप टू स्मॉल' म्हणत अडला, तर कंपनीचं मॉडेल भिकार आहे असं समजा, रेलटोल (गणितात चालवून घ्यायची सापेक्ष चूक) 0.01 करा, वेळेनुसार गणित पुढे नेण्याची पद्धत ट्रॅपेझॉइडलऐवजी 'गिअर' करा, ट्रान्झिस्टरचं गेट चालू-बंद करणारा ड्रायव्हर काढून साधा व्होल्टेज सोर्स लावा, आणि तरीही स्विच नोडवर (वरचा आणि खालचा ट्रान्झिस्टर जिथे जुळतात तिथे) रिंगिंग, म्हणजे व्होल्टेजचं थरथरणं, दिसलं तर ते खोटं म्हणून सोडून द्या. एवढं केलं की सिम्युलेशन धावतं, यात वाद नाही. पण त्यात गॅनचा बक उरतो का, हा प्रश्न आहे.

आधी रिंगिंग. ट्रॅपेझॉइडल पद्धतीत कधीकधी खोटं रिंगिंग येतं, मान्य. पण ते ओळखता येतं. ते दर स्टेपला वर-खाली होतं, त्यामुळे कमाल टाइमस्टेप निम्मी केली की त्याची वारंवारताही बदलते. खरं रिंगिंग जागचं हलत नाही. पॉवर लूपचा इंडक्टन्स 0.4 नॅनोहेन्री आणि स्विच नोडवरचा कपॅसिटन्स 400 पिकोफॅरड धरा: वारंवारता येते साधारण 400 मेगाहर्ट्झ, म्हणजे एक आवर्तन अडीच नॅनोसेकंदांचं. कमाल स्टेप 1 नॅनोसेकंद ठेवलीत तर एका आवर्तनाला जेमतेम अडीच बिंदू मिळणार. त्यातून काय दिसणार? 0.05 नॅनोसेकंद द्या, वेळ लागेल, लागू द्या. गिअर मात्र खरं आंदोलनही दाबतो, आणि स्टेप मोठी असेल तर जास्तच दाबतो. ग्राफ गुळगुळीत होतो, ओव्हरशूट गायब होतो, आणि ट्रान्झिस्टरच्या व्होल्टेज रेटिंगला धोका आहे की नाही हे बघायलाच तर आपण बसलो होतो!

ड्रायव्हरच्या जागी आदर्श सोर्स लावायचा सल्ला याहून महागात पडतो. एन्हान्समेंट प्रकारच्या (गेटला व्होल्टेज नसताना बंद राहणाऱ्या) बऱ्याच गॅन ट्रान्झिस्टरचं गेट 5 व्होल्टवर चालवतात आणि कमाल मर्यादा असते 6 व्होल्ट. अंतर एवढंच. गॅनमध्ये मॉसफेटसारखा (नेहमीच्या सिलिकॉन ट्रान्झिस्टरसारखा) अंगचाच बॉडी डायोड नसतो; डेड टाइममध्ये, म्हणजे दोन्ही ट्रान्झिस्टर बंद असतात त्या क्षणांत, खालचा ट्रान्झिस्टर उलटा वाहतो आणि त्यावर साधारण 2 व्होल्ट पडतात. म्हणजे स्विच नोड जमिनीच्या 2 व्होल्ट खाली जातो. आता बूटस्ट्रॅपचा, म्हणजे वरच्या गेटला वीज पुरवणाऱ्या कपॅसिटरचा, हिशोब करा: 5 व्होल्टचा पुरवठा, वजा डायोडचे 0.7, अधिक हे 2. कपॅसिटर 6.3 व्होल्टकडे चढू लागतो आणि वरच्या गेटचा जीव टांगणीला लागतो. 2011 साली आलेल्या एलएम5113 या ड्रायव्हरमध्ये बूटस्ट्रॅप 5.2 व्होल्टच्या आसपास रोखणारा क्लॅम्प दिला गेला, तो याचसाठी. आदर्श सोर्स लावला की ही सगळी भानगडच चित्रातून जाते. मॉसफेटच्या सवयीने ट्रान्झिस्टरला समांतर आदर्श डायोड जोडणारे तर पुरावाच पुसून टाकतात.

शिवाय आदर्श सोर्सला अंतर्गत रोध नसतो, त्यामुळे पुढचा धोकाही सिम्युलेशनमध्ये झाकला जातो. स्विच नोड 2 नॅनोसेकंदांत 48 व्होल्ट चढला, तर 20 पिकोफॅरडच्या गेट-ड्रेन कपॅसिटन्समधून सुमारे 480 मिलिअँपिअर येतात. ड्रायव्हरचा सिंक रोध आणि गेटचा स्वतःचा रोध मिळून 1 ओहम धरला, तरी बंद असलेल्या गेटवर अर्धा व्होल्ट उठतो. थ्रेशोल्ड (ज्या गेट व्होल्टेजला ट्रान्झिस्टर चालू होऊ लागतो तो) कधीकधी 0.8 व्होल्टपर्यंत खाली असू शकतो, आणि ट्रॅकचा इंडक्टन्स अजून धरलेलाच नाही. शूट-थ्रू, म्हणजे दोन्ही ट्रान्झिस्टर एकदम चालू होऊन पुरवठ्याचं शॉर्ट सर्किट, सुरू होतो तो इथूनच.

'बॉडी डायोड नाही, रिव्हर्स रिकव्हरी नाही, मग डेड टाइमची काळजी कशाला' हे शेपूटही याच सल्ल्याला जोडलेलं असतं. रिकव्हरी (बंद होताना डायोडमधून क्षणभर वाहणारा उलटा करंट) नाही हे खरं. पण 2 व्होल्ट, 10 अँपिअर, दोन्ही कडांना 20-20 नॅनोसेकंद आणि 1 मेगाहर्ट्झ: 0.8 वॅट नुसते डेड टाइममध्ये गेले.

राहिला रेलटोल. एरर आली की आधी कारण शोधावं. ड्रायव्हरच्या मॉडेलमधली 'इफ'ची धारदार उडी, जमिनीशी डीसी वाट नसलेला तरंगता नोड, रोध न धरलेलं इंडक्टर-कपॅसिटरचं जाळं, हे नेहमीचे संशयित. पल्स सोर्समध्ये राइज टाइम 0 लिहिला तर एलटीस्पाइस स्वतःच एक वेळ ठरवतो, त्यापेक्षा 1 नॅनोसेकंद आपणच लिहावा. एक सवलत मात्र मी देतो: अ‍ॅबस्टोलची (करंटमध्ये चालवून घ्यायच्या निरपेक्ष चुकीची) मूळ किंमत 1 पिकोअँपिअर आहे, आणि दहा-वीस अँपिअरच्या सर्किटमध्ये ती नॅनोअँपिअरपर्यंत नेली तर काही बिघडत नाही. रेलटोल 0.01 म्हणजे मात्र एक टक्क्याची सूट. कार्यक्षमतेतला अर्ध्या टक्क्याचा फरक मोजत असाल, तर उत्तराला अर्थ राहत नाही.

मॉडेल खरंच वाईट असूही शकतं, तशी असतात. पण ते ठरवायला पूर्ण बक लागत नाही. एकच ट्रान्झिस्टर घ्या, गेट व्होल्टेज वाढवत ड्रेन करंट काढा, ड्रेन व्होल्टेजसोबत आउटपुट कपॅसिटन्स काढा, उलट दिशेचा व्होल्टेज ड्रॉपही काढा, आणि तिन्ही डेटाशीटच्या आलेखांवर ठेवून बघा. जुळले नाहीत तर खुशाल कंपनीला पत्र लिहा, आलेखासकट.