गुळवेल, अडुळसा आणि खोक्यातला कागद

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परत एकदा गुळवेलीवरून जुंपलीये. एका बाजूला नाशिकच्या पंचवटीतले काका, रोज सकाळी उपाशीपोटी काढा घेणारे, आणि दुसऱ्या बाजूला एमबीबीएस करणारी माझी भाची. काका म्हणतात आपल्या पूर्वजांना काय अक्कल नव्हती का, भाची म्हणते सगळं थोतांड. मी इथे जर्मनीत बसून वाचतेय आणि मला दोघांचंही पटत नाहीये.

प्रकरण थोडक्यात असं की कोविडच्या काळात घराघरात गुळवेल सुरू झाली, मग २०२१ मध्ये मुंबईच्या काही डॉक्टरांनी ती घेणाऱ्या पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं छापलं. आयुष मंत्रालय म्हणालं हे दिशाभूल करणारं आहे, गुळवेल सेफ आहे, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी एक वेल असते तिचा घोळ होऊ शकतो. बरं, मानलं. पण मग काका भद्रकालीतून आणतात त्या पुडीत नक्की कुठली वेल आहे हे त्यांना कोण सांगणार? मंत्रालयाचं म्हणणं खरं असेल तर प्रश्न उलट मोठाच होतो की! पेठ-सुरगाण्याकडे रानातून वेल तोडून आणणाऱ्या बाईला ती ओळखता येत असेल, पण पोतं चार हात फिरून दुकानात पोचल्यावर कोणाला येते?

तिकडे वाटतं युरोप म्हणजे नुसत्या गोळ्या. अजिबात नाही. इथे पोराला खोकला झाला की डॉक्टर आयव्हीच्या पानांचं नाहीतर थाइमचं सिरप सुचवतात, पोट बिघडलं की बडीशेपेचा चहा. (होमिओपॅथी तर इथलीच, पण तो वेगळा विषय.) आणि ट्रायलचं, म्हणजे औषध माणसांवर तपासून बघण्याचं, म्हणाल तर युरोपियन युनियनच्या २००४ च्या नियमाप्रमाणे पारंपरिक वनस्पती औषधाला क्लिनिकल ट्रायल मागत नाहीत, ३० वर्षांचा वापर दाखवायचा, त्यातली १५ युरोपातली. ही १५ ची अट मला जरा आपमतलबीच वाटते, पण ते असो. आपल्याकडेही ग्रंथोक्त औषधाला वेगळी ट्रायल लागत नाही, म्हणजे मोकळीक दोन्हीकडे आहे. फक्त इथे खोक्यावर स्वच्छ छापावं लागतं की हा उपयोग निव्वळ दीर्घकाळच्या वापरावर आधारलेला आहे, आणि आत एक कागद असतो, झाडाचा कुठला भाग, किती अर्क, कोणी घेऊ नये, कशाबरोबर घेऊ नये.

योहानिसक्राउट नावाचं पिवळ्या फुलांचं झुडूप आहे, उदासीवर देतात. ते गर्भनिरोधक गोळीचा आणि रक्त पातळ करणाऱ्या काही औषधांचा असर कमी करतं, त्यामुळे मेडिकलवाली आधी विचारते, दुसरं काय चालू आहे. तिला कोणी परंपरेची शत्रू म्हणत नाही.

आमच्या आईला डायबेटिसच्या गोळ्या चालू आहेत आणि काकांचं बघून तिनेही गुळवेल सुरू केली. गुळवेलीने साखर खाली येऊ शकते, त्यासाठीच तर घेतात ना लोक, मग गोळी आणि काढा मिळून किती खाली नेतील हे बघायचं कोणी? डॉक्टरांनी विचारलं नाही आणि हिने सांगितलं नाही, का तर "ते काय औषध थोडंच आहे". गुण सांगताना औषध आणि धोका विचारला की नुसता पाला, असं कसं चालेल?

भाचीलाही एक सांगायचंय. ती उद्या कफासाठी ब्रोमहेक्सिन लिहून देईल ना, ते आपल्या परसातल्या अडुळशातल्या व्हॅसिसिन नावाच्या घटकावरून जर्मन कंपनीने साठच्या दशकात तयार केलंय. थोतांड म्हणून फेकून दिलं असतं तर ते झालं नसतं, आणि ऋषींना सगळं ठाऊक होतं म्हणून गप्प बसलो असतो तरी झालं नसतं.

म्हसरूळला आरोग्य विद्यापीठ आहे, १९९८ पासून, भाचीची परीक्षाही तेच घेतं आणि आयुर्वेदवाल्यांचीही. दोघांच्या ओपीडीच्या कागदावर "घरी काढा, चूर्ण काय घेता" एवढी एक ओळ छापायला काय खर्च येतो?

काकांना म्हटलं, पुडीवर काय लिहिलंय त्याचा फोटो टाका. त्यांनी काढ्याच्या पातेल्याचा टाकला, वर गुड मॉर्निंग.